दहा ग्रॅम साखर

पहिली बाटली फुटली तेव्हा मी तळघराच्या दारात उभी होते. आवाज फार मोठा नव्हता. लादीवर नारळ आपटावा तसा. त्यामागून दगडी जमिनीवर काचा घरंगळल्या, आणि मग वाईन गळायची टपटप सुरू झाली. एप्रिलमधला शुक्रवार होता, सकाळचे साडेनऊ झाले होते. मी आत पाऊल टाकलं नाही. बाटली फुटली म्हणून नाही. ती का फुटली हे मला माहीत होतं म्हणून.

मागून बाई आल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"फुटली का? फुटायचीच. शंभरात एखादी जातेच," त्या म्हणाल्या. "काचा गोळा कर. आणि चप्पल काढून आत जाऊ नकोस."

मी मान हलवली.

बाई म्हणजे माझ्या रसायनशास्त्राच्या बाई. जव्हारला अकरावी-बारावीत त्यांनी मला शिकवलं होतं. साखरशेत गावाच्या अलीकडे त्यांच्या वडिलांची उताराची जमीन होती, थोडे काजू, थोडे आंबे, बाकी गवत. निवृत्त झाल्यावर बाईंनी तिथे द्राक्षं लावली. गावात लोक हसले. इतका पाऊस पडतो तिथे द्राक्षं? बाईंचं म्हणणं वेगळं होतं. पाऊस ऑक्टोबरात जातो. तो गेला की वेल छाटायचे. उतारावर पाणी थांबत नाही. थंडीत घड भरतात आणि जानेवारीच्या शेवटी, ते पुरते गोड व्हायच्या आत, तोडायचे.

"आपली द्राक्षं नाशिकसारखी गोड होणार नाहीत," त्या मला म्हणाल्या होत्या. "पण फसफसणाऱ्या वाईनला गोड द्राक्षं लागतच नाहीत. आंबट लागतात. आपल्या डोंगराचा जो दोष आहे ना, तो इथे गुण आहे."

परवान्यांच्या चकरा मारण्यात दोन वर्षं गेली. डोंगराच्या कुशीत दगड फोडून त्यांनी एक तळघर करून घेतलं आणि ते गार ठेवायला चिलर बसवला. बी.एस्सी. होऊन मी तेव्हा घरीच होते, बाबांच्या जनरल स्टोअरच्या गल्ल्यावर बसत होते. बाईंनी निरोप पाठवला, मी गेले. आई नातेवाइकांना सांगायची, "द्राक्षांच्या कंपनीत आहे, लॅबमध्ये." वाईन हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे.

तळघरात आणखी एकजण काम करायची. तिला मी मावशी म्हणायचे. वावर गावाजवळच्या वांगणीची, पंचेचाळिशीतली, सडपातळ. जमीन त्यांच्या घरात कधी कोणाच्या नावावर नव्हती. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं तिचं आयुष्य गेलं होतं. बाईंकडे ती आधी वेली बांधायला आली. तिचे हात बाईंनी पाहिले आणि तिला तळघरात घेतलं. आठवडाभर ती साखरशेतला बहिणीकडे राहायची आणि शनिवारी जीपने वांगणीला जायची.

तिचं काम बाटल्या फिरवायचं. ते काय असतं हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात आणि अख्खे घड हलक्या दाबाने पिळतात. रस टाकीत आंबतो, त्यातली सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं, आणि एक आंबटढाण, पातळ वाईन तयार होते. नुसती प्यायली तर तोंड वाकडं होईल अशी. मग त्या वाईनमध्ये पुन्हा मोजून साखर आणि यीस्ट घालायचं, बाटल्या भरायच्या, सोड्याच्या बाटलीला असतो तसा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा आणि बाटल्या आडव्या रचून ठेवायच्या. यीस्ट बंद बाटलीत साखर खातं, त्यातून गॅस होतो. त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळून राहतो. बुडबुडे येतात ते तिथून. आत दाब तयार होतो तो मालट्रकच्या टायरमध्ये असतो तेवढा. लिटरला चोवीस ग्रॅम साखर, हा आमचा आकडा. त्याहून जास्त घातली तर दाब वाढतो, आणि काच किती सोसणार?

यीस्ट मेलं की त्याचा साका बाटलीच्या पोटाशी बसतो. वर्षभराने त्या बाटल्या लाकडी घोडीच्या भोकांत मान खाली करून खोचतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात, म्हणजे साका हळूहळू बिल्ल्याशी उतरतो. हे फिरवणं म्हणजे मावशीचं काम. दोन्ही हातांत दोन बाटल्या, एक झटका, अर्धा पाव वळसा, पुढच्या दोन. बाटलीकडे न बघता करायची. मला ते कधी जमलं नाही. मी फिरवलेल्या बाटलीत साका ढवळून वर यायचा.

गेल्या वर्षीच्या बाटल्यांच्या घोड्या तळघराच्या डाव्या भिंतीला होत्या. यंदाच्या नव्या बाटल्यांची रास उजव्या भिंतीला. मध्ये दोन माणसं शेजारी चालतील एवढीच वाट.

आता मी काय केलं ते सांगते.

बाटल्या मार्चमध्ये भरल्या. भरायचं आणि बिल्ले ठोकायचं मशीन बाईंनी नाशिकहून दोन दिवसांसाठी आणलं होतं. दुसरी साखर घालण्याआधी टाकीतल्या वाईनमध्ये पहिली साखर शिल्लक नाही ना हे बघायचं असतं. त्यासाठी फेलिंगची चाचणी. निळं द्रावण उकळायचं, त्यात थेंबाथेंबाने वाईन सोडायची, आणि निळा रंग जाऊन विटकरी गाळ कधी बसतो ते बघून साखर काढायची. नीट केली तर पाऊण तास लागतो. बाटल्या भरायच्या आठ दिवस आधी मी ती केली होती. लिटरला दहा ग्रॅम साखर बाकी निघाली होती. आठ दिवसांत यीस्ट ती खाऊन टाकेल, असं मी धरून चालले.

बाटल्या भरायच्या सकाळी सगळं एकदम अंगावर आलं. मशीनवाले घाई करत होते, वीज ये-जा करत होती, मला बाटल्या धुवायच्या रांगेवर लक्ष ठेवायचं होतं. मी नळकांड्यात हायड्रोमीटर, साखरेचा अंदाज देणारी काचेची तरंगती नळी, सोडला. तो असायला हवा त्यापेक्षा जरा वर तरंगत होता, म्हणजे साखर अजून बाकी होती. मी पाहिलं. "जरासंच तर आहे," असं स्वतःला सांगितलं.

बाई धावपळीत टाकीजवळ आल्या. "फेलिंग केलंस?"

"हो."

"किती?"

"एक ग्रॅमच्या आत."

वहीतही मी तेच लिहिलं. बाईंनी सही केली. वाईनमध्ये लिटरला चोवीस ग्रॅम साखर पडली, आणि टाकीत आधीची दहा ग्रॅम तशीच होती. थंडीने यीस्ट मध्येच झोपलं होतं. नवं यीस्ट पडल्यावर बाटलीत दोन्ही साखरा पेटल्या.

पहिली बाटली फुटायच्या आदल्या दिवशी लाईन गेली होती. दिवसभर वीज नव्हती, जनरेटर किती चालवणार. तळघर चौदा अंशांवरून बावीसवर गेलं. गॅस तापला की दाब आणखी वाढतो. आणि बाटल्यांपैकी निम्म्या बाईंनी हॉटेलांतून गोळा केलेल्या, एकदा वापरलेल्या होत्या.

हे सगळं मी त्या शुक्रवारी दारात उभी असतानाच जुळवलं. बाईंना एक वाक्य सांगायचं होतं. पण ते वाक्य म्हणजे नुसतं "चुकले" नव्हतं. "मी तुमच्याशी खोटं बोलले" असं होतं. मी झाडू घेतला आणि काचा गोळा केल्या.

शनिवारी सकाळी दोन फुटलेल्या सापडल्या. बाई म्हणाल्या, "लाईन गेली त्याचं हे. थंड होऊ दे, थांबेल." चिलर आता चालू होता. मीही मनात म्हटलं, थांबेल. मावशी नेहमीसारखी आत गेली, घोड्या फिरवून बाहेर आली आणि पदराने मान पुसत म्हणाली, "आत जरा गरम हाय गं अजून." ती जीपला निघून जाईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. निदान रविवारी ती येणार नव्हती.

रविवारी शिरपामाळ बघून परतणारं एक कुटुंब गाडी वळवून आमच्याकडे आलं. ठाण्याचे होते. नवरा, बायको, दोन मुली. बाईंना असे पाहुणे आवडत. त्यांनी वेली दाखवल्या, वेलींवरून मुलींना गणिताचे प्रश्न घातले आणि मला हाक मारली.

"यांना तळघर दाखवून आण."

मुली पुढे धावल्या. मोठी दाराच्या कडीला हात लावणार, एवढ्यात मी जवळजवळ ओरडलेच, "थांब!"

सगळे थबकले. मुलींच्या आईने तिला मागे ओढलं.

"आत गॅस साठलाय," मी म्हणाले. "चिलर दुरुस्त होतोय. आज कोणालाच आत जाता येणार नाही."

"काही धोका आहे का?" नवऱ्याने विचारलं.

"धोका असा नाही. पण नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चिलर चांगला चालू आहे हे त्यांना माहीत होतं. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "काय झालंय तुला?"

त्याच वेळी आतून आवाज आला. एकापाठोपाठ दोन.

"बाई, उद्या बोलू," मी म्हणाले. "आज डोकं दुखतंय."

आणि मी स्कूटर काढून घरी आले. घरी आईने खिचडी केली होती. मी जेवले. हे लिहिताना लाज वाटते, पण मी जेवले, आणि उद्या सकाळी नऊला पोचून सगळं सांगायचं, असं ठरवून झोपले. मावशी साडेनऊला यायची. अर्धा तास हातात होता.

सोमवारी वांगणीची जीप लवकर सुटली. मावशी साडेआठलाच पोचली. बाई मागे पंपाजवळ होत्या. मावशीने किल्ली घेतली, दार उघडलं, दिवा लावला आणि कामाला लागली.

मी फाटकातून आत शिरले तेव्हा बाई तळघराकडे धावत होत्या. साठी ओलांडलेली बाई धावते तेव्हा काय झालंय हे विचारावं लागत नाही. मी स्कूटर तशीच आडवी टाकली.

राशीतली एक बाटली फुटली होती, आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या चार. मावशी वाटेत बसली होती, पाठ घोडीला टेकून. तिचा डावा हात कोपरापासून रक्ताने भरला होता आणि डाव्या डोळ्याखाली काच घुसली होती. तो डोळा तिने घट्ट मिटून घेतला होता. जमिनीवर वाईनचा फेस होता आणि त्यात रक्त.

"बाहेर काढ तिला," बाई म्हणाल्या. "वाकून चल. राशीकडे पाठ कर."

मी मावशीला काखेत धरून उठवलं. दारापर्यंत अकरा पावलं होती. मी ती मोजली. सातव्या पावलाला मागे आणखी एक फुटली आणि माझ्या पाठीवर काहीतरी बारीक टोचलं. मावशीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

बाईंनी गाडी चालवली. मी मागे मावशीचा हात टॉवेलमध्ये आवळून धरला होता. टॉवेल भिजला, मग माझी ओढणी. जव्हारच्या चढावर मावशी पहिल्यांदा बोलली.

"डोळा गेला का गं?"

"नाही गेला," मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

"उघडू का?"

"नको. नको उघडू."

दवाखान्यात तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि बाई बसलो. समोर भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता. मी तो वाचत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी फेलिंग केलं नव्हतं."

बाई माझ्याकडे वळल्या.

"वहीत लिहिलंयस तू."

"लिहिलंय. केलं नव्हतं. आठ दिवस आधी दहा ग्रॅम होती. मला वाटलं..."

"आणि शुक्रवारपासून तुला माहीत होतं."

"हो."

"म्हणून काल त्या मुलींना..."

"हो."

मला वाटलं त्या ओरडतील. शाळेत त्या ओरडत. पण त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या.

"तीस वर्षं मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासल्या," त्या म्हणाल्या. "निम्म्या मुलांनी आकडा आधी लिहिलेला असायचा, प्रयोग मग. मला कळायचं. मी सही करायचे, कारण परीक्षा जवळ आलेली असायची. तुझ्याही वहीवर केली असेल." मग त्या थांबल्या. "जुन्या बाटल्या घेतल्या ते माझं. बाकी तुझं आहे. ते मी वाटून घेणार नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून.

डोळा वाचला. काच बोटभर वर असती तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हाताची जखम मात्र खोल होती. टाके पडले, पुढे नाशिकला दाखवलं, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. उपचारांचं आणि ती घरी बसली त्या दिवसांचं सगळं बाईंनी पाहिलं.

रास तशीच उभी होती. हजारावर बाटल्या, दिवसाकाठी पाच-सहा फुटत होत्या. दार बंद केलं तरी अंगणात ऐकू यायचं. बाईंनी नाशिकला एका जाणकाराला फोन लावला. तो म्हणाला, दोनच वाटा आहेत. दार लावून घ्या आणि सगळं फुटून जाऊ द्या. नाहीतर तळघर जमेल तेवढं गार करा, गार वाईनमध्ये गॅस मुरून बसतो, मग एकेक बाटली काढून बर्फात बुडवा आणि बिल्ला उघडून वाईन टाकीत ओता. पण हात लावाल ती बाटली कोणती असेल ते सांगता येणार नाही.

"फुटून जाऊ द्यायचं असेल तर समोरच्या घोड्यांचं काय?" मी विचारलं. "मावशीच्या बाटल्या. त्याही फुटतील तडाख्यात."

"तेच बघतेय मी," बाई म्हणाल्या.

चार दिवस चिलर सगळ्यात खाली लावून ठेवला. पारा सहावर आला, फुटणं कमी झालं. नाशिकहून टेम्पोने बर्फाच्या लाद्या आल्या. वेली बांधणाऱ्या माणसांपैकी दोघं मदतीला तयार होते. बाईंनी त्यांना फाटकाबाहेर पाठवलं. "हे काम मजुरीवर करून घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मी आणि तू."

बाबांचं आणि शेजाऱ्याचं अशी दोन हेल्मेटं मी आणली. वेल्डिंगचे चामडी हातमोजे आणले. घरी अंगावर गोधड्या गुंडाळून, वरून सुतळी बांधून पाहिली. आई दारात उभी राहून बघत होती. तिने गोधडीची गाठ माझ्या मानेशी पुन्हा नीट बांधली.

मी राशीवरून बाटली उचलायची. दोन्ही हातांनी, छातीपासून लांब धरून. अकरा पावलं. दाराजवळच्या बर्फाच्या पिंपात सोडायची. बाई पिंपातली आधीची बाटली काढून टाकीच्या तोंडाशी धरायच्या आणि बिल्ला उडवायच्या. गार असूनही फेस उसळायचा, बाईंच्या हेल्मेटच्या काचेवर उडायचा. बोलायचं नाही असं ठरलं होतं. फक्त मी वाटेत असताना "आले" म्हणायचं आणि पिंपाशी बाईंनी "घेतली" म्हणायचं. आले, घेतली. आले, घेतली. दर पन्नास बाटल्यांनंतर बाहेर येऊन उन्हात बसायचं. हेल्मेट काढलं की बाईंचे पांढरे केस कपाळाला चिकटलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातातली बाटली वाटेतच सळसळली. आतून, एखादं भांडं चुलीवर गायला लागतं तशी. मी थांबले. पुढे गेले तर बाईंच्या जवळ फुटेल. खाली ठेवली तर घोड्यांच्या शेजारी.

"आले म्हण," पिंपाकडून बाईंचा आवाज आला.

"नाही. तुम्ही बाहेर जा."

"काय झालं?"

"बाहेर जा, बाई!"

त्या हलल्या नाहीत. मी उलट पावली मागे सरकले, राशीपाशी गेले आणि बाटली वाकून जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली. पाठ फिरवून चार पावलं टाकली आणि ती गेली. काचा हेल्मेटवर गारांसारख्या आदळल्या. राशीतल्या तीन-चार तिच्याबरोबर गेल्या. घोड्यांतली एकही गेली नाही. बाई अजून पिंपापाशीच उभ्या होत्या, हातात ओपनर.

"लागलं?"

"नाही."

"मग चल. उरलेल्या काढू."

पाच दिवस लागले. टाकीत गोळा झालेली वाईन गढूळ होती आणि गॅस उडून गेलेला. पुढे गाळून, साधी पांढरी वाईन म्हणून ती विकली गेली. बरी होती, एवढंच.

सहाव्या दिवशी मी वांगणीला गेले. वावरच्या पुढे रस्ता नावालाच होता, स्कूटर दोनदा ढकलावी लागली. मावशी झोपडीच्या सावलीत बसली होती, हात गळ्यात बांधलेला, डोळ्याखाली काळसर सूज. तिची सून नाचणी पाखडत होती. मला बघून सुनेने सूप खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या आणला आणि आत गेली.

मी सगळं सांगितलं. चाचणी काय असते, ती मी कशी केली नाही, शुक्रवारी मला कसं कळलं. मावशी ऐकत होती. मधे एकदा तिने पदराने माशी हाकलली.

"रईवारी ते लोक आलं व्हतं," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं मला. पोरी व्हत्या."

"हो."

"त्यांना आत नाय जाऊ दिलंस."

"नाही."

"शनवारी मी गेले. सोमवारी गेले." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "मला का जाऊ दिलंस, पोरी?"

याचं उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. ठाण्याच्या मुली अनोळखी होत्या, पाहुण्या होत्या, काही झालं असतं तर बोभाटा झाला असता. मावशी रोज जायची. ती रोज जाते, म्हणून माझ्या डोक्यात ती धोक्याच्या हिशेबात धरलीच गेली नव्हती. मी तिच्याशी खोटं बोलले नाही, कारण तिला काही सांगायची गरज आहे असंच मला वाटलं नव्हतं.

"मला भीती वाटत होती," मी म्हणाले. "बाईंची."

"आन् माझी नाय वाटली."

"नाही."

"खरं बोललीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात माफी नव्हती. रागही नव्हता, की होता आणि मला कळला नाही, कोण जाणे. "भट्टीवर मुकादम सांगायचा, भिंत पक्की हाय, जा. आमी जायचो. त्याला तरी ठावं नसायचं."

मी पाणी प्यायले. तांब्या हातात धरून बसले.

उठताना तिने विचारलं, "माझ्या बाटल्या?"

"आहेत. एकही गेली नाही."

"कोण फिरवतंय?"

"कोणीच नाही."

"मंग साका चिकटंल." ती आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. "टाके निघाले की येते. माझं काम अर्ध्यावर हाय. तुझ्यासाठी नाय येत."

ती आली, पण तिने बाईंना दोन गोष्टी सांगितल्या. नव्या राशीच्या आणि घोड्यांच्या मध्ये भिंत पाहिजे. आणि ते निळं पाणी उकळून बघायचं असतं ते तिला शिकवायचं. बाईंनी भिंत बांधली. शिकवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं.

मावशीला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. निळा रंग कधी जातो हे तिला माझ्यापेक्षा आधी दिसायचं. पहिल्या दिवशी तिने थेंब सोडता सोडता विचारलं, "हे एवढंच करायचं व्हतं?"

"एवढंच."

तिने पुढचा थेंब सोडला.

तिच्या घोडीवरच्या बाटल्या श्रावणात उघडल्या. मान बर्फमिठाच्या पाण्यात बुडवली की बिल्ल्याशी उतरलेला साका गोठतो. मग बिल्ला काढला की आतला दाब त्या गोठलेल्या गोळीला बाहेर फेकतो. त्या जागी थोडी वाईन भरायची, बूच ठोकायचं, वर तारेची जाळी आवळायची. मावशी आता एकाच हाताने फिरवत असल्याने वेळ दुप्पट लागला होता, पण साका सगळा उतरला होता. बाटली उजेडापुढे धरली की आरपार स्वच्छ दिसायची.

पहिली बाटली बाई उघडणार होत्या. मी पिंपाशी वाकून बघत होते. मावशीने उजव्या हाताने माझा खांदा धरला आणि मला बाजूला ओढलं.

"सरक मागं," ती म्हणाली. "तोंडापुढं उभी राहू नको."

मी सरकले. ठप्प आवाज झाला, साक्याची गोळी समोरच्या भिंतीवर जाऊन चिकटली. बाईंनी तीन स्टीलच्या ग्लासांत थोडी थोडी ओतली. मावशीने ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबट हाय," ती म्हणाली. मग ग्लास खाली ठेवला आणि पुढच्या बाटलीला हात घातला.